त्रिनिदादच्या राजमुद्रेवरून कोलंबसची जहाजं उतरली, स्टीलपॅन चढलं

गोदाकाठ (धागाकर्ती)

वेस्ट इंडिज म्हटलं की आपल्याकडे क्रिकेट आणि फार तर कॅलिप्सो. 'वेस्ट इंडिज' नावाचा देशच नाही, ते वेगवेगळ्या देशांचं कडबोळं आहे, हे कित्येकांना चाळिशीत कळतं. प्रत्येक बेटाचा झेंडा वेगळा, पक्षी वेगळा, फूल वेगळं, आणि त्यामागची भांडणंही वेगळी. मला ही भांडणं फार आवडतात, कारण शाळेच्या पाठ्यपुस्तकात नसतं ते त्यात सापडतं. म्हणून हा धागा त्रिनिदाद आणि टोबॅगोबद्दल.

ऑगस्ट २०२४ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान कीथ रोली यांनी पक्षाच्या अधिवेशनात जाहीर केलं, की राजमुद्रेवरची कोलंबसची तीन जहाजं काढून तिथे स्टीलपॅन (तेलाच्या पिंपापासून बनवलेलं तिथलं वाद्य) बसवायचं. २०२५च्या सुरुवातीला संसदेने कायद्यात तशी दुरुस्तीही केली. बासष्ट वर्षं कोणाला टोचली नाहीत ती जहाजं आता का टोचायला लागली, असा प्रश्न पडून मी वाचत गेले.

आधी मूळ मुद्रा समजून घेऊ. ३१ ऑगस्ट १९६२ला हा देश ब्रिटिशांपासून स्वतंत्र झाला. झेंडा आणि मुद्रा ठरवायला नेमलेल्या समितीत कार्लाईल चँग हे चिनी वंशाचे चित्रकार होते आणि कार्निव्हलचे भव्य देखावे उभारणारे जॉर्ज बेलीही होते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्यांचे हात मिरवणुकीच्या रंगांत बुडालेले, ते देशाच्या चिन्हाबद्दल बोलायला बसले होते.

ढाल झेंड्याच्याच तीन रंगांत आहे. वरच्या काळ्या भागात समोरासमोर दोन सोनेरी हमिंगबर्ड, खालच्या लाल भागात तीन सोनेरी जहाजं, मधून उलट्या V सारखा पांढरा पट्टा. ढालीवर सोनेरी शिरस्त्राण, त्यावर जहाजाचं सुकाणूचक्र आणि फळांनी लगडलेला माड. हा माड टोबॅगोच्या जुन्या वसाहतकालीन चिन्हातून आलाय. ढाल धरायला एका बाजूला तांबडा शराटी (स्कार्लेट आयबिस), दुसऱ्या बाजूला कोक्रिको. पहिला त्रिनिदादचा, दुसरा टोबॅगोचा. पायाशी एकीकडे समुद्रातून वर आलेल्या तीन टेकड्या. ३१ जुलै १४९८ला, तिसऱ्या सफरीत, कोलंबसला म्हणे अशीच तीन शिखरं दिसली आणि त्याने बेटाला ख्रिस्ती त्रिमूर्तीचं नाव दिलं. सगळ्यात खाली ब्रीद: एकत्र आकांक्षा धरू, एकत्र साध्य करू.

झेंडा मला सगळ्या कॅरिबियन झेंड्यांत देखणा वाटतो. लाल पटावर वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यात उतरणारा काळा पट्टा, त्याला दोन्हीकडून पांढरी किनार. लाल म्हणजे सूर्य, अग्नी, लोकांची धडाडी. पांढरा म्हणजे समुद्र आणि माणसामाणसातली समानता. काळा म्हणजे भूमी, तिची संपत्ती, लोकांची एकजूट. थोडक्यात तेज, आप, पृथ्वी. सरकारी अर्थ आणखी लांबलचक आहेत, ते गाळले. कोणत्याही देशाच्या झेंड्याचा लाल रंग धैर्याचा नसतो असं मी अजून पाहिलेलं नाही.

आता जहाजांकडे. ती नीना, पिंटा आणि सांता मारिया आहेत असं बहुतेक ठिकाणी सांगितलं जातं. पण सांता मारिया १४९२च्या नाताळातच हैतीच्या किनाऱ्याला लागून निकामी झाली होती! १४९८च्या सफरीला स्पेनहून सहा जहाजं निघाली. त्यांतली तीन परस्पर हिस्पॅनिओलाला गेली आणि उरलेली तीन त्रिनिदादला आली. म्हणजे आकडा बरोबर आहे, पण ढालीवरची जहाजं शाळेच्या पुस्तकातली आहेत, त्रिनिदादच्या किनाऱ्यावर आलेली नव्हेत.

तुम्हाला काय वाटतं? काढायला हवी होती का?

---

टिवल्याबावल्या

काढली ते बरं केलं. ज्याने बेट 'शोधलं' तेव्हा तिथे माणसं राहत होती, त्याची जहाजं त्याच बेटाच्या छातीवर बिल्ला म्हणून कशाला?

बाकी ते सोनेरी शिरस्त्राण ब्रिटनच्या राणीचं प्रतीक आहे म्हणे. देश १९७६ला प्रजासत्ताक झाला, राणी गेली, राष्ट्राध्यक्ष आले, शिरस्त्राण जागच्या जागी. जहाजं उतरवताना ते नजरेतून कसं सुटलं?

---

कट्टेकरी

मी उलट बाजूचा. इतिहास खोडून काय साधतं? जहाजं राहू द्यायची, आणि मुलांना खरं काय ते शिकवायचं. आज कोलंबस, उद्या टेकड्या, परवा देशाचं नाव. त्रिनिदाद हे नावही त्यानेच दिलंय ना? ते बदलणार का?

---

निवडुंग

@कट्टेकरी, मुद्रा म्हणजे इतिहासाचं पुस्तक नाही. पुस्तकात अफझलखान असतोच, म्हणून तो मुद्रेवर घ्यायचा का? मुद्रेवर आपण जे स्वतःहून मिरवतो ते घालायचं.

नाव मात्र बदलणार नाहीत आणि बदलूही नये. पाचशे वर्षं वापरात घासून ते आता कोलंबसचं राहिलेलं नाही.

---

पॉइंट लिसासकर

कामानिमित्त तिथे बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं लिहितो. गोदाकाठताई, लेख छान. स्टीलपॅनवर तुम्ही अजून आला नाहीत, ती जागा भरतो.

१८८०च्या दशकात ब्रिटिशांनी कार्निव्हलमधल्या ढोलांवर बंदी आणली. दंगे होतात, गुलामांच्या वंशजांचा जमाव माजतो, अशी सबब. ढोल गेले तर लोकांनी वेगवेगळ्या लांबीचे बांबू कापले आणि जमिनीवर आपटून ताल धरला. त्याला तांबू-बांबू म्हणत. १९३०च्या दशकाच्या शेवटी बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे, गाडीचे ब्रेकड्रम आले. कोणाच्या तरी लक्षात आलं की ठोकून ठोकून पत्र्याला पोचा पडला की त्या जागेचा सूर बदलतो. मग महायुद्ध. अमेरिकन नौदलाचा तळ आणि तेलाचा धंदा, त्यामुळे पंचावन्न गॅलनची पिंपं हवी तितकी. युद्धात कार्निव्हल बंद होतं. १९४५ला विजयोत्सवाला लोक रस्त्यावर आले ते पॅन वाजवतच.

हे वाद्य बनताना बघण्यासारखं आहे. पिंपाचा तळ घणाने ठोकून कढईसारखा खोल करतात. त्यावर सुरांच्या जागा आखतात, प्रत्येकीच्या कडेने छिन्नीने खाच मारतात. मग पिंप हव्या त्या उंचीवर कापतात. उंच सुराचं पॅन बुटकं. खर्जाच्या पॅनला अख्खं पिंप लागतं आणि एकेका वादकापुढे अशी अनेक पिंपं उभी. नंतर विस्तवावर तापवतात आणि शेवटी लहान हातोडीने एकेक सूर लावतात. हे शेवटचं काम करणारा ट्यूनर म्हणजे तिथला मोठा माणूस. तो नाही म्हणाला तर बँड बसला.

विन्स्टन 'स्प्री' सायमन, एली मॅनेट, अँथनी विल्यम्स ही तिघांची नावं सुरुवातीच्या पिढीत घेतली जातात. 'पहिलं पॅन कोणी बनवलं' हा प्रश्न मात्र राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये जपून विचारा, एकेका गल्लीचं उत्तर वेगळं. १९५१ला टास्पो नावाचा निवडक वादकांचा ताफा 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन'साठी लंडनला गेला आणि घरी गुंडांचं वाद्य म्हणून हिणवलेलं पॅन एकदम प्रतिष्ठित झालं. त्याआधी पॅन वाजवतो म्हणून मुलाला घरातून बाहेर काढल्याच्या गोष्टी म्हातारे सांगतात. बँड-बँडमध्ये खऱ्याखुऱ्या मारामाऱ्या व्हायच्या, त्यामुळे आईबापांचंही अगदीच चुकत नव्हतं.

१९९२ला पंतप्रधान पॅट्रिक मॅनिंग यांनी ते राष्ट्रीय वाद्य म्हणून जाहीर केलं. कायदा व्हायला २०२४ उजाडलं. मधल्या काळात, २०२३ला, संयुक्त राष्ट्रांनी ११ ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिन ठरवला. जग आधी, घरचा कायदा नंतर.

म्हणून जहाजांच्या जागी पॅन येणं मला पटतं. ज्यांच्या ढोलांवर बंदी होती त्यांनी कचऱ्यातून वाद्य काढलं आणि ते मुद्रेवर गेलं.

---

टिवल्याबावल्या

पॉइंट लिसासकर, वाचनखूण साठवली. याचा वेगळा लेख करा की.

---

मावळतीचा पाऊस

सगळं ठीक आहे, पण तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांचं काय? ३५ टक्क्यांच्या आसपास आहेत ना? मुद्रेवर त्यांचं काय आहे? पॅन आफ्रिकन वंशाच्या वस्त्यांतून आलं. जहाजं निदान सगळ्यांना सारखीच परकी होती!

---

पॉइंट लिसासकर

@मावळतीचा पाऊस, दुखरी नस धरलीत.

२०११च्या जनगणनेत भारतीय वंशाचे ३५.४ टक्के आणि आफ्रिकन वंशाचे ३४ टक्क्यांच्या जरा वर. दोघंही जवळपास सारखे, त्यामुळे प्रत्येक चिन्हाचं वजन तराजूत तोललं जातं. पहिलं गिरमिटियांचं (करारावर नेलेल्या मजुरांचं) जहाज 'फतेल रझाक' ३० मे १८४५ला कलकत्त्याहून पोचलं. बहुतेक भोजपुरी पट्ट्यातले, थोडे मद्रासकडून. (मराठी माणूस शोधायला जाऊ नका, आपले गिरमिटिये मुख्यतः मॉरिशसला गेले.) ३० मे हा आता भारतीय आगमन दिन, सार्वजनिक सुट्टी.

पॅन राष्ट्रीय वाद्य झालं तेव्हा हिंदू संघटनांकडून 'मग हार्मोनियमही घ्या' असं आलं. ताशासाठीही मागणी होत असते. ताशाचा दावा मला हार्मोनियमपेक्षा कितीतरी पक्का वाटतो. हार्मोनियम बाहेरून येते, ताशा तिथेच मढवतात, तिथेच भाजतात. लग्नाआधीच्या मटिकोर विधीला आणि होसेच्या, म्हणजे मोहरमच्या, मिरवणुकीला ताशा लागतोच. दोन ताशे, एक मोठा ढोल, एक झांज. पुण्याच्या पथकातला कोणी तिथे उभा राहिला तर पाय आपोआप हलायला लागतील. फक्त आपल्याकडे पन्नास ताशे असतात, तिथे दोनच, त्यामुळे प्रत्येक काठी ऐकू येते. विस्तवावर ताशाचं चामडं तापवत बसलेली पोरं मात्र अगदी आपल्याकडच्यासारखीच.

आणि बंदीचंच म्हणाल तर १८८४ला सॅन फर्नांडोत होसेच्या मिरवणुकांवर सरकारने गोळीबार केला, कितीतरी मजूर मेले. ढोलबंदी आणि तो गोळीबार एकाच दशकातला, एकाच सरकारचा. पॅनच्या गोष्टीत ताशाला जागा आहे असं जे म्हणतात त्यांचा आधार हा आहे.

---

गोदाकाठ

@मावळतीचा पाऊस, याच अंगाने सर्वोच्च नागरी पुरस्काराचा वाद फार बोलका आहे.

१९६९ला त्यांनी 'ट्रिनिटी क्रॉस' सुरू केला. नावात ख्रिस्ती त्रिमूर्ती, पदक क्रुसाच्या आकाराचं. हिंदू आणि मुस्लिम नागरिकांनी विचारलं, की देशाचा सर्वोच्च सन्मान आम्ही क्रूस छातीवर लावूनच घ्यायचा का? एका हिंदू धर्माचार्यांनी तो नाकारलाही. सनातन धर्म महासभा आणि एक इस्लामी संस्था कोर्टात गेल्या. २००६ला न्यायमूर्ती पीटर जमादार यांनी तो भेदभाव करणारा असल्याचा निकाल दिला. २००८ला त्याच्या जागी 'ऑर्डर ऑफ द रिपब्लिक ऑफ त्रिनिदाद अँड टोबॅगो' आला. पुढे २००९ला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही (त्यांचं शेवटच्या अपिलाचं कोर्ट) तेच म्हटलं.

आता गंमत बघा. देशाचं नावच 'ट्रिनिटी'वरून, मुद्रेच्या पायाशी त्याच तीन टेकड्या. त्यावर कोणाचा आक्षेप नाही. आक्षेप आला तो पदकावर, कारण ते एका माणसाच्या अंगावर चढवायचं असतं. मला हा फरक फार शहाणपणाचा वाटला. जहाजांच्या बाबतीत मी अजून कुंपणावर होते, पण पॉइंट लिसासकरांचा ढोलबंदीचा मुद्दा वाचून पॅनकडे झुकले आहे.

---

कट्टेकरी

पदकाचं पटलं. जहाजांचं अजूनही नाही.

अवांतर: पोर्ट ऑफ स्पेनचा विषय निघालाय आणि अजून गावसकर नाही? मार्च १९७१, क्वीन्स पार्क ओव्हल, सनीचं पदार्पण. ६५ आणि नाबाद ६७. सरदेसाई ११२. वाडेकर कप्तान. भारताचा वेस्ट इंडिजवर पहिला कसोटी विजय. त्याच मैदानावर पुढे पाचव्या कसोटीत सनीचे १२४ आणि २२०. मालिकेत ७७४ धावा.

---

पॉइंट लिसासकर

@कट्टेकरी, अवांतर नाही, धाग्याला धरूनच आहे. त्याच ओव्हलवर स्वातंत्र्याच्या आदल्या दिवशी, ३० ऑगस्ट १९६२ला, पहिले पंतप्रधान एरिक विल्यम्स यांनी शाळकरी मुलांपुढे भाषण करून देशाला तीन शब्द दिले: शिस्त, उत्पादन, सहिष्णुता. तेही राष्ट्रीय चिन्हांच्याच यादीत मोडतात.

आणि नऊच वर्षांनी त्याच मैदानात भारतीय वंशाचे कितीतरी प्रेक्षक पाहुण्या संघाच्या बाजूने ओरडत होते. 'तुम्ही नक्की कोणाचे' हा प्रश्न तिथे दर दौऱ्याला निघायचा. शेजारी बसून डबल्स (तिथली चण्याची उसळ-पुरी) खाणारे दोघं एकमेकांना हा प्रश्न विचारायचे. सहिष्णुता, ती हीच.

---

निवडुंग

पक्ष्यांवर कोणीच बोललं नाही, म्हणून मी. फूलही माझंच.

तांबडा शराटी हा आपल्या काळ्या शराटीचा नातलग. पिल्लू असताना करडा-तपकिरी. खेकडे, कोळंबीसारखे जीव खाऊन खाऊन त्यांच्यातली रंगद्रव्यं पिसांत उतरतात आणि पक्षी पेटल्यासारखा लाल होतो. पिंजऱ्यात ठेवून तसलं खाणं दिलं नाही तर फिका पडतो. पोर्ट ऑफ स्पेनच्या दक्षिणेला कॅरोनीची खारफुटी आहे, तिथे संध्याकाळी थव्याने वस्तीला येतो आणि बोटीतून बघायला मिळतो. राष्ट्रीय पक्षी असूनही लोक चोरून मारून खात होते! म्हणून २०१८ला त्याला विशेष संरक्षण दिलं: एक लाख त्रिनिदाद डॉलर दंड आणि दोन वर्षं कैद.

कोक्रिकोची कथा उलटी. रानकोंबडीच्या अंगाचा, तपकिरी, लांब शेपटीचा, पहाटे टोळीने कोकलणारा. टोबॅगोत आहे, त्रिनिदादमध्ये नाही. टोबॅगोचे शेतकरी त्याच्या नावाने बोटं मोडतात, कारण शेंगा, टोमॅटो, पालेभाजी काही सोडत नाही. 'बंदोबस्त करा' अशी मागणी अधूनमधून असतेच. म्हणजे एका बेटाचा राष्ट्रीय पक्षी खाल्ला जातो म्हणून वाचवावा लागतो, आणि दुसऱ्याचा सगळं खातो म्हणून शिव्या खातो.

हमिंगबर्डबद्दल एकच सांगायचंय. आपल्याकडे बागेत दिसतो तो शिंजीर. हमिंगबर्ड भारतात नाहीत. त्रिनिदादमध्ये सतराच्या आसपास जाती आहेत.

फूल म्हणजे चॅकोनिया. नाव शेवटच्या स्पॅनिश गव्हर्नरवरून, होसे मारिया चाकोन, ज्याने १७९७ला बेट इंग्रजांच्या हवाली केलं. हरलेल्या गव्हर्नरचं नाव राष्ट्रीय फुलाला, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही! स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास फुलतं. लाल दिसतात त्या पाकळ्या नव्हेत, निदलाचं (फुलाखालच्या हिरव्या वाटीचं) एकच दल वाढून पानाएवढं झालेलं असतं. खरी फुलं मधे पिवळी-केशरी, चिमुकली. पावसाळ्यात सह्याद्रीत भूतकेस पाहिलाय ना? तिथे तेच दल पांढरं असतं. दोघंही एकाच कुळातले, कॉफीच्या. भूतकेस लाल रंगात बुडवून काढला आणि मोठ्या झुपक्यात लावला की चॅकोनिया.

---

शंकासूर

निवडुंग, फुलांचा विषय काढलात तर माझ्या आयडीची बाजू मांडतो. बार्बाडोसचं राष्ट्रीय फूल आपला शंकासूर आहे. शाळेत तुरे तोडून ज्याच्या 'कोंबड्या' लढवल्या, तोच का हा? नाही, तो गुलमोहर; पण भाऊबंदच. त्यांच्या मुद्रेवर ढालीत वर दोन कोपऱ्यांत हे फूल आणि मधे पारंब्यांचं वडासारखं झाड. आपल्या अंगणातलं दुसऱ्याच्या मुद्रेवर बघून बरं वाटतं.

---

टिवल्याबावल्या

मला ते एकत्र-आकांक्षा वगैरे ब्रीद फार सरकारी वाटतं. राष्ट्रगीताचं काय?

---

पॉइंट लिसासकर

राष्ट्रगीत पॅट्रिक कॅस्टेन यांचं. मूळ ते वेस्ट इंडिज महासंघासाठी रचलेलं. बेटांचा एकच देश करायचा तो प्रयोग १९५८ला सुरू झाला आणि १९६२ला मोडला. गीत उरलं, ते त्रिनिदादने घेतलं. प्रत्येक पंथाला आणि वंशाला इथे समान जागा आहे अशी त्यातली ओळ, आणि कोणी अन्याय झाला म्हणालं की भाषणात हीच ओळ ऐकवतात. सरकारही ऐकवतं, विरोधकही.

---

मावळतीचा पाऊस

नोटांवरही पक्षीच आहेत ना? माझ्याकडे कोणीतरी आणून दिलेली एक डॉलरची नोट आहे, त्यावर शराटी.

---

निवडुंग

हो. एकच्या नोटेवर शराटी, पाचच्या नोटेवर मोटमोट, दहावर कोक्रिको, वीसवर हमिंगबर्ड. शंभरच्या नोटेवर मात्र स्वर्गपक्षी, आणि तो त्रिनिदादचा नाहीच, न्यू गिनीचा! विल्यम इन्ग्रॅम नावाच्या इंग्रज धनिकाने १९०९च्या सुमारास टोबॅगोशेजारच्या लिटल टोबॅगो या छोट्या बेटावर आणून सोडले. न्यू गिनीत पिसांसाठी त्यांची कत्तल चालली होती, निदान इथे टिकतील म्हणून. १९६३च्या 'फ्लोरा' चक्रीवादळाने बेट झोडपलं, त्यानंतर ते आटत गेले आणि संपले. आता बेटावर एकही नाही, पण देशातल्या सगळ्यात मोठ्या नोटेवर तोच.

---

कट्टेकरी

म्हणजे मेलेला परदेशी पक्षी नोटेवर चालतो, पण जहाजं नाही चालत. नोंद घेतली आहे.

---

गोदाकाठ

@कट्टेकरी, पक्ष्याने कोणाला गुलाम केलं नव्हतं हो!

पॉइंट लिसासकर, नव्या मुद्रेत पॅनशेजारी दोन काठ्या आहेत, त्यांची टोकं रबराची असतात ना? ताशाच्या काठीशी तुलना करून पुढे लिहाल का? इथेच लिहा, नवा धागा नको.